चौकाखालची विहीर आणि जीपीआरचं ‘काही नाही’

इंदूरच्या रामबागेतून आलेला प्रश्न थोडक्यात असा. वाडा जुना. चौकात पूर्वी विहीर होती असं सासूबाई सांगायच्या. नर्मदेचं पाणी नळाला आल्यावर ती वापरातून गेली आणि पुढे कधीतरी झाकली. भरून झाकली की वर नुसता स्लॅब टाकला, आणि नेमकी कुठे होती, हे आज घरात कुणालाच सांगता येत नाही. आता चौकभर कोटा फरशी आहे. दिरांनी एकाला बोलावून जीपीआर मशीन, म्हणजे जमिनीखालचं पाहणारं रडार, फिरवून घेतलं, त्याने ‘खाली काही नाही’ असं लिहून दिलं. मे महिन्यात पुतण्याची मुंज आहे, मांडव चौकातच घालायचा विचार आहे. या रिपोर्टवर विसंबावं का?

ताई, नाही. एवढ्या एका वाक्यावर तर नाहीच. मशीन वाईट असतं किंवा त्या माणसाने फसवलं, असं मला म्हणायचं नाही. पण जमिनीखालचं पाहणाऱ्या कुठल्याही यंत्राला काही दिसलं नाही, की त्याचे दोन अर्थ होतात. खाली खरोखर काही नसेल. किंवा असेल, पण त्या जागी, त्या मातीत, त्या यंत्राला ते दिसणारच नव्हतं. यांतला आपला कोणता, हे ज्या रिपोर्टमधून कळत नाही तो अर्धाच रिपोर्ट. मी माळव्यात याच कामात वय घालवलं आहे आणि मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती या अर्ध्या रिपोर्टची. रिपोर्टच नसता तर माणसं जपून वागली असती.

आणि इंदूरमध्ये हे कुणाला पटवून द्यायची गरज नाही. ३० मार्च २०२३ला, रामनवमीच्या दिवशी, पटेल नगरच्या बेलेश्वर महादेव मंदिरात हवन चालू असताना झाकलेल्या बावडीवरची (पायऱ्यांच्या विहिरीवरची) जमीन खचली आणि ३६ माणसं गेली. १९७८मध्ये नर्मदेचं पाणी शहरात आलं, त्यापूर्वी जुन्या इंदूरचा सगळा भार विहिरी, बावड्या आणि तलावांवर होता. नळ आले तशा विहिरी मागे पडल्या, आणि पुष्कळ ठिकाणी कसलीही नोंद न ठेवता झाकल्या गेल्या. तुमच्या सासूबाईंचं सांगणं मी कुठल्याही मशीनच्या आधी धरीन.

आता मातीबद्दल, कारण सगळी अडचण तिथे आहे. आपल्याकडे वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग कच्चा दगड आणि मग कातळ. हा कातळ म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक साचलेले थर, अधूनमधून लाल गेरूची पट्टी. घरगुती विहीर काळ्या मातीतून आणि मुरमातून जाऊन कच्च्या दगडात पाण्याला लागते. जीपीआर जमिनीत रेडिओ लहरी सोडतं आणि परत आलेला प्रतिध्वनी टिपतं. कोरड्या वाळूत या लहरी कित्येक मीटर जातात. काळ्या मातीतली चिकणमाती मात्र वीजवाहक, त्यात ओल धरून ठेवणारी. ती या लहरी गिळून टाकते. शहरात नेहमी वापरतात तो ४०० मेगाहर्ट्झचा अँटेना ओल्या काळ्या मातीत जेमतेम अर्धा मीटर पाहतो, फार तर मीटरभर. त्याखाली विहीर असो, बावडी असो की तळघर, पडद्यावर नुसता करडा गोंधळ दिसतो. त्या गोंधळाला ‘काही नाही’ म्हणता येत नाही.

मग तुमच्या दिरांनी करून घेतलेलं काम वाया गेलं का? तसंही नाही. विहीर कशी झाकली असेल, याच्या शक्यता वेगवेगळ्या धरून पाहा.

पहिली शक्यता, थेट वर काँक्रीट आणि खाली पोकळी. इथे जीपीआर उत्तम चालतं, कारण लहरी गिळायला मधे मातीच नाही. काँक्रीटमधून लहर हवेत शिरते तिथून जोरकस प्रतिध्वनी येतो, आणि त्याची दिशा, म्हणजे लाटेचं वर-खाली होणं, ओल्या मातीवरून येणाऱ्या प्रतिध्वनीच्या बरोबर उलटी असते. जाणकार माणूस ही उलटलेली लाट शोधतो. दुसरी खूण खोलीची. हवेत लहर नॅनोसेकंदाला ३० सेंटीमीटर जाते, ओल्या काळ्या मातीत ५-६ सेंटीमीटर. मशीनमध्ये वेग १० सेंटीमीटरचा भरला असेल, तर ३ मीटर खोल पोकळी पडद्यावर १ मीटरचीच दिसते. पोकळीचा तळ असा वर सरकलेला पाहून ‘उथळ आहे, काळजी नाही’ असं म्हणणारे रिपोर्ट मी वाचले आहेत. तुमच्याकडे अँटेना पूर्ण चौकात, अर्ध्या-अर्ध्या मीटरवर, आडवा आणि उभा असा दोन्ही दिशांनी फिरला असेल आणि स्लॅबमधल्या सळयांची जाळी फार दाट नसेल, तर फरशीच्या लगेच खाली मोठी पोकळी असण्याची शक्यता खूप कमी होते. एवढा दिलासा त्या कामातून मिळतो, पण आधी त्याने रेघा कुठून कुठे ओढल्या ते विचारा. तुळशीवृंदावनाच्या कडेने, जिन्याखालून, जिथे कुंड्या किंवा स्कूटर ठेवलेली होती तिथून अँटेना गेलाच नसेल, तर त्या जागा अजून बाकी आहेत.

दुसरी शक्यता आपल्या भागात जास्त. विहिरीच्या तोंडावर दगडी पट्ट्या, सागवानी वासे किंवा जुने रूळ आडवे टाकायचे, त्यावर दीड-दोन मीटर माती-मुरूम, आणि वर फरशी. चौकाची पातळी उंचावायची असली की हमखास असंच व्हायचं. या वेळी पोकळी मातीच्या जाड थराखाली जाते आणि जीपीआर आंधळं होतं. वासे कुजतात, रूळ गंजतात, आणि वरून कसलीच खूण दिसत नाही.

तिसरी, विहिरीत राडारोडा आणि घरचा कचरा टाकून ती ‘भरली’. कुजणारं सगळं दरवर्षी थोडं खाली बसतं, खालचं पाणी उतरलं की आणखी बसतं, आणि भरताना नसलेली पोकळी स्लॅबखाली वीस-तीस वर्षांनी तयार होते. त्यामुळे ‘आमच्या डोळ्यांदेखत भरली होती’ एवढ्यावर कुणी निश्चिंत राहू नये.

दुसऱ्या आणि तिसऱ्या शक्यतेसाठी मी रेझिस्टिव्हिटी इमेजिंग करायला सांगेन. जमिनीत सारख्या अंतरावर खुंट्या ठोकायच्या, दोन खुंट्यांतून वीज सोडायची, दुसऱ्या दोन खुंट्यांमध्ये व्होल्टेज मोजायचं, आणि अशा जोड्या बदलत शेकडो मापं घ्यायची. कोणता थर विजेला किती अडवतो त्याचं उभं चित्र मग गणिताने काढतात. तत्त्व शंभर वर्षांहून जुनं आहे. बदललं ते एवढंच, की पूर्वी दिवसभर घेतलेली मापं आता मशीन तासाभरात घेतं. एक सावधगिरी: बोअरवेलसाठी पाणी पाहणारे जे करतात ते एकाच बिंदूखालचं मोजमाप असतं. तेच यंत्र, तीच तत्त्वं, पण विहीर शोधायला ते कामाचं नाही. ‘आम्ही रेझिस्टिव्हिटी केली’ असं कुणी म्हटलं तर रेघेवर केली की एका जागी, हे विचारा.

आकडे सांगतो, म्हणजे खेळ लक्षात येईल. विजेला किती अडथळा होतो ते ओहम-मीटरमध्ये मोजतात, आकडा मोठा तर अडथळा जास्त. काळी माती साधारण ५ ते १० ओहम-मीटर. मुरूम आणि झिजलेला दगड २० ते ४५. भरीव कातळ ७०च्या वर, कित्येकदा शेकड्यांत. हवा वीज नेतच नाही, म्हणून कोरडी पोकळी काळ्या मातीत उठून दिसायला हवी, आणि दिसतेही. पण विहिरीत पाणी असेल तर? शहरातल्या विहिरीचं पाणी बहुधा १० ते १५ ओहम-मीटरचं असतं. भोवती काळी मातीही जवळपास तेवढीच. म्हणजे पाण्याने भरलेली विहीर मातीच्या थरात चित्रात विरघळून जाते! तीच विहीर खाली कातळात शिरली की भोवती शंभर-दोनशे आणि मधे दहा-बारा, असा स्पष्ट खांब दिसतो. फक्त चित्र तिथपर्यंत पोचायला हवं, आणि वाड्यात घोडं अडतं ते इथेच. खुंट्यांच्या रेघेची जेवढी लांबी, त्याच्या सहाव्या हिश्शाइतकं खोल दिसतं. चौक १५ मीटरचा असेल तर अडीच मीटर. कातळ पाहायचा तर रेघ दिंडीदरवाजातून बोळात काढा, मागच्या परसातून पुढच्या गल्लीपर्यंत न्या, शेजाऱ्यांच्या ओट्यावरून जाऊ द्या. इंदुरात शेजारी नाही म्हणत नाहीत. खुंट्या ठोकण्याआधी घरी जाऊन सांगावं मात्र लागतं.

याच कारणासाठी मी शक्य असेल तिथे दोनदा मापं घेतो, एकदा मेअखेर आणि एकदा पाऊस चांगला झाल्यावर. माती सगळीकडे ओली होते, पण विहीर असेल त्या जागचा बदल वेगळा असतो: मे महिन्यात हवा, सप्टेंबरात पाणी. दोन चित्रांची वजाबाकी केली की एकाच चित्रात न दिसणारी गोष्ट कधी कधी वर येते.

फरशीवर खुंट्या कशा ठोकायच्या, असा प्रश्न पडेल. फरशीच्या सांध्यांत बारीक ड्रिलने भोक पाडून लांब खिळा खाली मातीला टेकवायचा आणि भोकात बेंटोनाइटचा (पाणी धरून ठेवणाऱ्या चिकणमातीचा) चिखल भरायचा. फरशी फुटत नाही. खुंट्यांमधलं अंतर मीटरभराच्या आत हवं, आणि रेघा शेजारी-शेजारी तसंच काटकोनात. एकाच रेघेवर पाहिलं तर बाजूला असलेली विहीर रेघेखाली असल्यासारखी दिसते. किंवा ती अजिबात दिसतच नाही.

आता उलट बाजू. चित्रात लाल डाग, म्हणजे विजेला जास्त अडवणारी जागा, दिसला म्हणजे पोकळी, असंही धरू नका. जूनी इंदूरच्या एका घरात अंगणाच्या कडेला, मीटरभर खाली, विजेला जबरदस्त अडवणारा ठिपका मिळाला. आकार गोल, व्यास विहिरीएवढा. घरच्यांनी रात्र जागून काढली. मला दोन गोष्टी खटकत होत्या. ठिपका पावसाळ्याआधी आणि नंतर तसाच होता, आणि एक कड अगदी सरळ जात होती. बोटभर जाडीचं भोक घेतलं तर आतून घडीव काळा दगड निघाला, चुन्यात बसवलेला. जुन्या इमारतीचं जोतं. दगड, विटांचा कोरडा भराव, मेमध्ये काळ्या मातीला पडणाऱ्या भेगा, हे सगळं चित्रात पोकळीसारखं दिसू शकतं. म्हणून दोन वेगवेगळ्या पद्धती एका जागी एकच गोष्ट सांगत नाहीत तोवर मी बोट ठेवत नाही, आणि भोक घेऊन पाहिल्याशिवाय सही करत नाही.

गुरुत्वाकर्षण मोजूनही पोकळी शोधता येते. चार मीटर व्यासाची, दहा मीटर खोल, फरशीखाली मीटरभरावर सुरू होणारी कोरडी विहीर वरचं गुरुत्व सुमारे १०० मायक्रोगॅलने (हे गुरुत्व मोजायचं अगदी बारीक एकक) कमी करते. पृथ्वीचं एकूण गुरुत्व ९८ कोटी मायक्रोगॅल. त्यातला हा फरक चांगलं यंत्र पकडतं. पाण्याने भरलेली असेल तर फरक निम्मा, राडारोड्याने भरलेली असेल तर आणखी बराच कमी. पण यंत्राची उंची एक सेंटीमीटर चुकली तरी ३ मायक्रोगॅल बदलतात, आणि वाड्याच्या जाड भिंतींची ओढ वेगळी मोजून वजा करावी लागते. जीपीआर आणि रेझिस्टिव्हिटी दोन्ही अडली तरच या वाटेला जा. हातोडा मारून जमिनीतल्या कंपनांवरून चित्र काढायची पद्धत मोकळ्या मैदानात चांगली आहे, वाड्याच्या चौकात तिला जागा पुरत नाही.

यंत्राच्या आधी करायचं काम मात्र बिनखर्चाचं आहे. घरातल्या, शेजारच्या म्हाताऱ्या बायकांना विचारा. पुरुषांना बहुधा वाटणीच्या रेघा आठवतात. पाणी कुठून आणायचे, घागर कुठे टेकायची, रहाटाचा आवाज कुठल्या खोलीत यायचा, हे बायकांना आठवतं. जुने लग्नाचे, बारशाचे फोटो काढा, मागे काठ किंवा रहाटाचा खांब सापडतो. खसऱ्याची (जमिनीच्या सरकारी नोंदीची) जुनी नक्कल आणि नझुलचा (शहरातल्या सरकारी जमिनींचा) नकाशा काढून घ्या, विहिरीची खूण असते. फरशीवर लोखंडी पहारीने हळूच ठोकत चला. माठ घेताना टिचकी मारून पाहतो तसा, फरशीखाली रिकामं असेल तर आवाज बदलतो. कमानीसारख्या वाकड्या जाणाऱ्या भेगा, एकाच जागी दरवर्षी खचणारी फरशी, पावसाचं पाणी झपकन जिरून जाणारा कोपरा, या खुणा कागदावर मांडा. आणि बावडी असेल तर नुसता गोल शोधू नका. पायऱ्यांची वाट लांबट असते, ती वाड्याच्या बाहेरही जाऊ शकते.

मग यंत्र आलं की पहिलं काम: त्याला तुमच्या पाण्याच्या हौदावरून न्या. प्रत्येक वाड्यात आता जमिनीत टाकी असतेच, तिची जागा, खोली, मापं तुम्हाला ठाऊक असतात. ती टाकी चित्रात दिसली, योग्य जागी आणि साधारण योग्य खोलीवर, तर हे यंत्र या मातीत निदान एवढं तरी पाहतं, हे ठरलं. टाकी दिसली नाही, तर त्याच यंत्राच्या ‘काही नाही’ला तुमच्या घरापुरती किंमत नाही. दिरांनी बोलावलेल्या माणसालाही हेच करायला सांगा, तासाभराचं काम आहे.

रिपोर्ट हातात आल्यावर रंगांनी घाबरू नका, आणि निर्धास्तही होऊ नका. तीच मापं घेऊन रंगांची पट्टी बदलली की भयानक चित्र शांत दिसतं आणि शांत चित्र भयानक. सगळ्या रेघांना एकच पट्टी वापरली आहे का पाहा. रेघा नेमक्या कुठून गेल्या त्याचा मापं घातलेला नकाशा मागा, गणिताने काढलेलं चित्र मूळ मापांशी किती टक्क्यांनी जुळत नाही तो आकडा मागा, मूळ मापांची फाइल मागा. आणि एक प्रश्न लेखी विचारा: तीन मीटर व्यासाची विहीर इथे दोन मीटर खाली असती, कोरडी किंवा भरलेली, तर ती या चित्रात कशी दिसली असती? हे संगणकावर काढून दाखवता येतं, आणि ज्याला काम येतं तो आनंदाने दाखवतो.

संशयाची जागा ठरली की भोक. बोअरिंगची गाडी चौकात आणू नका. हातातल्या कोअर मशीनने दोन इंची भोक पुरतं, आणि ते काठाच्या बाहेरून सुरू करून आत सरकत घ्यायचं. काम करणाऱ्याच्या कमरेला भिंतीतल्या पक्क्या कडीशी बांधलेला दोर हवा, पायाखाली दोन्ही बाजूंना लांब टेकलेल्या फळ्या. भोकातून प्लंबरकडे असतो तो केबलचा कॅमेरा सोडला की पाच मिनिटांत निकाल लागतो.

पोकळी निघाली तर आत कुणीही उतरायचं नाही. तरुण पोरं उत्साहाने म्हणतील, दिवा सोडून पाहू. बंद विहिरीत प्राणवायू संपलेला असतो, कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो, कुजणाऱ्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन निघतो. दिवा विझला नाही म्हणून हवा चांगली, असं होत नाही, आणि मिथेन असेल तर दिव्यानेच भडका उडेल. एक बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला गेलेले दोघे जातात, हे दरवर्षी कुठे ना कुठे घडतं.

नंतरचा निर्णय स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि नगर निगम यांच्यासोबत घ्या. माझं मत विचाराल तर विहीर चांगल्या बांधणीची असेल तर ती उघडी करून, काठ उंच करून, वर जड जाळी बसवावी. पन्हाळीचं पाणी गाळून आत सोडलं तर उन्हाळ्यात बोअरलाही हातभार लागतो. भरायचीच असेल तर आधी गाळ-कचरा काढून, तळाला मोठे दगड, मग खडी, वाळू, आणि वर मुरूम पातळ थरांत ठोकून. ट्रकभर मलबा ओतून वर फरशी घातली तर वर सांगितलेली तिसरी शक्यता तुमच्या नातवंडांसाठी तयार होईल.

राहिली मुंज. घरातल्या खोलीची जमीन चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरून बांधतात, माणसं दाटीने जमतात त्या जागेसाठी ५०० धरतात. मूल पडू नये म्हणून विहिरीवर टाकलेला स्लॅब कुणी हा हिशोब करून टाकलेला नसतो. मांडव, होम, शंभर पाहुणे, भोजनाच्या पंगती, हे सगळं त्या एका चौकात नको. मुंज जवळच्या मंगल कार्यालयात करा. देवक घरातच बसवायचं असेल तर माजघरात बसवा, पण आधी पहारीने माजघराची फरशीही ठोकून पाहा, कारण वाडा वाढवताना चौकातली विहीर भिंतीच्या आत गेल्याची उदाहरणं आहेत. चौकात तोवर दोरी बांधून ठेवा, मुलांना आणि दुचाक्यांना त्या पलीकडून न्या, टाकी भरणारा टँकर दारातच थांबवा. रेझिस्टिव्हिटीची पहिली मापं जून उजाडायच्या आत घेऊन टाका, म्हणजे सप्टेंबरात ताडून पाहायला काहीतरी हाताशी असेल.